सत्त्वाचा पाय

डावी वहाण पायात होती. मोटारीच्या पायरीवर थांबून, लुगड्याचा काठ जरासा उचलून दमयंतीनं ते पाहिलं आणि मगच पाय धरणाच्या वाटेवर टाकला. वहाण साधीच, संगमनेरच्या चांभाराकडून करून घेतलेली, अंगठ्याची. पण डावीला मागून एक काळी नाडी शिवलेली होती आणि ती घोट्याभोवती बांधलेली होती. कुणी विचारलंच तर ‘सैल झालीय हो’ हे उत्तर तयार होतं. कुणी विचारलं नव्हतं. बायकांच्या पायांकडे बघायला कुणाला वेळ असतो... जोडवी दिसली की जगाचं समाधान होतं. उजवी वहाण निसटली तर उजवा पाय तिला सांगायचा. डावा सांगत नसे. गेल्या श्रावणात ती बाजारातून एका वहाणेनिशी घरी आली होती, आणि दारात पाय धुवायला तांब्या हातात घेतला तेव्हा तिला ते कळलं होतं.

“चला, चला, मागं ऱ्हाऊ नका कुनी!” मच्छिंद्र काठीला बांधलेला लाल रुमाल हलवत पुढं निघाला होता.

मच्छिंद्र म्हणजे सहलीचा वाटाड्या. लढाई संपल्यावर संगमनेरच्या एका मोटारमालकानं ही टूम काढली होती — दर रविवारी सकाळी निघायचं, भंडारदऱ्याचं धरण, रंध्याचा धबधबा, मग ऊनजाईच्या वाडीतलं गरम पाण्याचं कुंड, आणि दिवेलागणीला परत. पेट्रोलचं रेशन अजून उठलं नव्हतं म्हणून मोटार कोळशाच्या गॅसवर चाले, त्याची भट्टी तिच्या पाठीवर बसवलेली, आणि मागच्या बाकावर बसलेल्यांची तोंडं राजूर येईपर्यंत काजळलेली. पण हौसेला मोल नाही. शाळामास्तर, वकिलांचे कारकून, त्यांच्या बायका, एक म्हातारी सासू, सगळे दशम्यांची फडकी काखेत मारून आले होते.

दमयंती मात्र हौसेनं आली नव्हती. तिच्या लेकीचं, लीनाचं, लग्न जमत होतं. मुलगा रविकांत, पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. त्याची आई इंदूताई, नगरला मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या. पत्रिका जुळली होती, फोटो आवडला होता, आणि पोहे खाऊन मुलगी पाहायचा प्रकार आपल्याला पसंत नाही असं इंदूताईंनी कळवलं होतं. चार तास एकत्र फिरू, बोलू, मुलांनाही एकमेकांशी बोलू दे, असं त्यांचं म्हणणं. दमयंतीचे यजमान यज्ञेश्वरराव मामलेदार कचेरीत अव्वल कारकून. त्यांना हे जरा जास्तच सुधारकी वाटलं, पण मुलगा बिनहुंड्याचा म्हटल्यावर सुधारणेला नाही कसं म्हणायचं? त्यांनीच सहलीच्या जागा धरल्या. आणि बायकोला बजावलं, “तू जरा हसतमुख राहा. हल्ली तुझं लक्ष नसतं कुठं.”

लक्ष असतं... सगळं लक्ष पायाकडेच असतं, हे त्यांना कसं सांगणार!

“ही भित बगा,” मच्छिंद्र धरणावर उभा राहून ओरडत होता. “हिच्यात जेवढा दगूड हाय ना, तेवढ्यात समदं नगर शहर पुन्यांदा बांदून हुईल. आनि वरनं पुनंबी!”

रविकांत त्याच खात्यातला. त्याला खरा आकडा ठाऊक असणारच, पण तो नुसता हसला आणि लीनाला हळूच म्हणाला, “पुणं नाही होणार. संगमनेर होईल कदाचित.” लीना खुदकन हसली. दमयंतीनं ते पाहिलं. मुलगा चांगला आहे. गरीब माणसाला चारचौघांत खोटं पाडत नाही, म्हणजे बायकोलाही पाडणार नाही. हे जमावं... हे जमायलाच हवं, असं तिच्या मनात इतक्या जोरानं आलं की तिनं हातातली पिशवी उगाच घट्ट धरली.

पाणी खाली मोरीतून सुटत होतं, पांढरं, धुरासारखं. वारा गार होता, मार्गशीर्षातला. दमयंतीच्या उजव्या पायाची बोटं गारठली होती आणि डाव्याची — डाव्याचं काय, तो लाकडाचा. घोट्याच्या खाली बाहेरची कड आणि सगळा तळवा. वर, लुगड्याच्या काठाआड, एक फिकट चट्टा होता, रुपयापेक्षा मोठा. तो तिनं आधी पाहिला होता पण मनावर घेतला नव्हता. उन्हानं, घामानं अंगावर काय काय उठतं. मग एके दिवशी सकाळी शेगडीपुढं बसलेली असताना जळल्याचा वास आला. दूध उतू गेलं म्हणून तिनं पातेलं पाहिलं, दूध ठीक होतं. पदर पाहिला, पदर ठीक होता. मग खाली पाहिलं तर निखारा करंगळीला टेकून विझत आला होता आणि कातडी काळी पडली होती. ती ओरडली नाही. ओरडण्यासारखं काही झालंच नव्हतं! तिनं चिमट्यानं निखारा उचलला, परत शेगडीत टाकला, आणि दुधावरची साय काढायला घेतली. 

“दमयंतीबाई, चक्कर येते का? फार कडेला उभ्या आहात,” इंदूताई शेजारी येऊन म्हणाल्या.

“छे हो. पाणी बघत होते.”

“मीसुद्धा. मच्छिंद्राच्या पुराणापेक्षा पाणी बरं.” इंदूताईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. बाई बुटक्या, सावळ्या, बोलायला मोकळ्या. पण पुसलेला चष्मा पुन्हा चढवून त्या ज्या तऱ्हेनं माणसाकडं बघत ती तऱ्हा वह्या तपासणाऱ्या मास्तरणीची होती. दमयंतीला त्या आवडल्या होत्या. आणि आवडल्या होत्या म्हणूनच जास्त भीती वाटत होती.

रंध्याला जाताना मोटारीत ती खिडकीशी बसली. बाहेर भाताची खाचरं कापून रिकामी झालेली, मधूनच एखादा खुरासणीचा पिवळा तुकडा. तिचं माहेर पारनेरकडचं, तिकडं असं पाणी नाही, अशी भातं नाहीत. बाजरी आणि वाट बघणं. माहेरच्या वाड्यामागं गोठा होता आणि गोठ्याला लागून एक खोली, आणि त्या खोलीत रंगनाथमामा... आजोळीच वाढली ती, म्हणून ते घर तिला माहेरच. मामाचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. आजी जेवण उंबऱ्यावर ठेवून मागं सरायची आणि मामा आतून ते ओढून घ्यायचा, बोटं नसलेल्या हातांनी, पण सांडायचा नाही काही. मुलांना तिकडं जायची बंदी. त्या रोगाचं नाव घरात कुणी घेत नसे. ‘मोठा रोग’ म्हणत, किंवा तेही नाही, नुसतं ‘तसलं’. मामा गोष्टी फार चांगल्या सांगायचा, भिंतीच्या पलीकडून. भिंतीला कान लावून ऐकलेल्या त्या गोष्टी तिनं पुढं लीनाला सांगितल्या, आणि त्या कुणाच्या हे कधी सांगितलं नाही.

आणि मुक्तामावशी, मामाची धाकटी बहीण. तिला पाहायला पाहुणे यायचे होते. रंगनाथ काशीला गेलाय असं आजोबांनी कळवलेलं. गोठ्याकडची खोली बाहेरून कडी घालून बंद. मावशी नेसून, वेणी घालून दारात उभी. पाहुण्यांचा छकडा ओढ्यापर्यंत आला. ओढ्यावर कुणीतरी — कोण ते कधी कळलं नाही — त्यांना दोन शब्द सांगितले, आणि छकडा तिथूनच वळला. मावशी ते दारातून बघत होती. तिला वाटलं ते वाट चुकले. ती हाका मारत, वाट दाखवायला म्हणून ओढ्यापर्यंत धावत गेली. पुढं तिचं लग्न झालं नाही, कुणी विचारायलाच आलं नाही, आणि ती कुणाला दोष न देता पापड लाटत म्हातारी झाली.

म्हणून दमयंती तसल्या रोग्यांना तपासणाऱ्या मिशनच्या दवाखान्यात गेली नव्हती. त्या फाटकातून आत जाताना कुणी पाहिलं तर... आणि संगमनेरात न दिसता कुठं जाता येतं? लीनाचं झालं की जाऊ, असं तिनं ठरवलं होतं. एकदा अक्षता पडू देत. मग पायाचं काय व्हायचं ते होवो.

रंध्याला प्रवरा खाली कोसळत होती. तुषार उडून सगळ्यांचे चेहरे ओले झाले. म्हातारी सासू हात जोडून उभी राहिली. मच्छिंद्रनं घोरपडादेवीची गोष्ट रंगवून सांगितली, आणि अमावास्येला हितं बांगड्या वाजत्यात, असंही. यज्ञेश्वरराव घड्याळ बघत होते. झाडाखाली बसून सगळ्यांनी दशम्या आणि लसणीची चटणी खाल्ली. इंदूताईंनी लीनाला पुढं शिकायचं आहे का असं विचारलं, आणि लीना म्हणाली, “हो, पण आईनं ‘असं पहिल्याच भेटीत बोलू नकोस’ असं सांगितलंय.” सगळे हसले. इंदूताई सगळ्यांत जास्त हसल्या. दमयंतीही हसली, आणि त्या क्षणी तिला पाय आठवला नाही, आणि हे तिच्या लगेच लक्षात आलं.

ऊनजाईच्या वाडीला मोटार जात नाही. थोडं चालावं लागतं. वाटेत मच्छिंद्र उलटा चालत सगळ्यांकडं तोंड करून सांगत होता.

“कुंडाचं पानी लई जालीम! फडक्यात तांदूळ बांदून सोडा, भात हुतो. खरूज घ्या, नायटा घ्या, वात घ्या, समदं जातं. फकस्त येक. मोटा रोग असनाऱ्यानं पान्यात पाय घालायचा न्हाई. देवीची मनाई हाय. मागं येकानं चोरून घातला, तर वरीसभर कुंड थंड पडलं हुतं!”

“आपल्यात कोण असणार बाई तसलं!” मास्तरांच्या बायकोनं म्हटलं, आणि बायका हसल्या.

दमयंतीच्या मनात आलं, परत फिरावं, डोकं दुखतंय म्हणावं. पण डोकं दुखतंय म्हटलं तर इंदूताई थांबतील सोबत, आणि मग विचारतील, केव्हापासून? देवीचं तिला फारसं वाटलं नाही. देव-देवी माणसाइतक्या चौकशा करत नाहीत. ती चालत राहिली.

कुंड लहान होतं, दगडी बांधलेलं, वर पिंपळ. पुरुषांसाठी पलीकडं दुसरं डबकं. यज्ञेश्वरराव, रविकांत वगैरे तिकडं गेले. बायकांच्या बाजूला गुरवीण छबूबाई हळदी-कुंकवाची परात घेऊन बसली होती. कुंडाच्या वरच्या अंगाला एक दगडी गोमुख, त्यातून पाण्याची धार आणि धारेतून वाफ. धार जिथं पडे तिथला चौकोनी दगड पिवळा पडला होता.

“आदी पाय दावायचा देवीला,” छबूबाई म्हणाली. “बायामान्सांनी डावा. धारंखाली धरायचा आन् ऊनजाईचं नाव घ्यायचं. जिचं जेवढं सत्त्व, तेवढा येळ पाय ऱ्हातो. मग खालच्या पान्यात उतरा. पाय दावल्याबिगर न्हाई उतरू देनार.”

डावा! दमयंतीनं मनाशी उजवा ठरवला होता. उजवा खाली सोडायचा, चटका बसला की ओढायचा, सरळ काम. आता डावा म्हटल्यावर तिनं बायकांच्या मागं जागा धरली आणि नीट बघायला लागली, कशिदा शिकताना बघतात तसं. मास्तरांची बायको पहिली गेली. पाय धारेखाली, ‘ऊन—’ एवढंच तोंडातून आणि ‘अगं आई गं!’ करून पाय बाहेर, खांदे वर, डोळे मिटलेले, मग हसू. दुसरी तशीच. म्हातारी सासू जरा टिकली. तिच्या टाचा जाड. इंदूताईंनी आधी हात घालून पाहिला, ‘बरंच कढत आहे’ असं म्हणून पाय घातला आणि शांतपणे पण चटकन काढून घेतला. लीनानं किंचाळून सगळ्यांना भिजवलं. म्हणजे, आधी ‘स्स’, मग खांदे, मग पाय. पाय लगेच काढायचा. फार लगेच नाही, अर्धं नाव घेऊन झालं की. सोपं आहे. तिनं नाडी सोडली, वहाण काढली, आणि गोमुखाशी गेली.

पाय तिनं धारेखाली धरला. पाणी पायावर पडताना दिसत होतं, वाफ गुडघ्यापर्यंत येत होती आणि तिथं, गुडघ्याशी, ती चांगली ऊन लागत होती. ‘ऊनजाई,’ ती म्हणाली, आणि ‘स्स’ करायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात समोर लीनानं ओली वेणी मागं टाकून हनुवटी वर केली, पिंपळाखालून पुरुषांकडं जाणाऱ्या वाटेकडं पाहिलं, कुणी येतंय का म्हणून... ती हनुवटी मुक्तामावशीची होती. इतकी वर्षं कशी दिसली नाही आपल्याला — तीच, जराशी पुढं, वाट बघणारी. मावशी दारात अशीच उभी होती, बांगड्या मागं सारत, आणि छकडा वळला तेव्हा ती ‘अहो, इकडं, इकडून वाट आहे’ म्हणत धावली, आणि सात-आठ वर्षांची दमयंती तिच्या मागं धावली, आणि ओढ्याशी पोचल्यावर मावशी थांबली, वळली, आणि तिच्या तोंडावर अजून ते पाहुण्यांसाठीचं हसू तसंच होतं, काढायचं राहून गेलेलं...

आवाज थांबले होते. दमयंतीनं मान वर केली. सगळ्या बायका तिच्याकडं बघत होत्या. तिनं खाली पाहिलं. पाय धारेखालीच होता. तो लालभडक झालेला होता.

आता ‘स्स’ करून काय उपयोग!

“आई गं...” छबूबाई परात खाली ठेवून उठली. तिचे डोळे मोठे झाले होते. “सत्त्वाची बाई! आवो, कुंड तिला गार झालं बगा! माज्या सासूनं येकदा बगितली हुती अशी, म्या न्हाई. मच्छिंद्रा! आरं मच्छिंद्रा!”

दमयंतीनं पाय काढला. पण तोपर्यंत म्हातारी सासू वाकलीसुद्धा होती, आणि तिनं त्या पायावर डोकं ठेवलं. मग मास्तरांची बायको. “अहो नका, नका हो,” दमयंती म्हणत होती, आणि जेवढं ती नको म्हणत होती तेवढी तिची थोरवी वाढत होती. बायका पायाला हात लावून तो कपाळाला, गळ्याला लावत होत्या. याच पायाला! घरी जाऊन गोमूत्र शिंपडून घेतील, कळलं तर, लुगडी जाळतील. तिला मोठ्यानं हसू येईल की काय असं वाटलं. मग वाटलं, रडू येईल. दोन्ही आलं नाही.

हाकाटी ऐकून पुरुष आले. मच्छिंद्रनं काठी टाकून दंडवत घातला आणि उठून लगेच म्हणाला, “पुढल्या ऐतवारी लोकांस्नी सांगनार बगा. धरान, धबधबा, आनि हितं कोनत्या माऊलीला कुंड गार झालं ते!” यज्ञेश्वररावांनी जन्मात कधी देवळाची पायरी आपणहून चढली नव्हती, पण चारचौघे बायकोच्या पाया पडताहेत म्हटल्यावर त्यांनी कोट सारखा केला. “आमच्या घरात पहिल्यापासूनच आचार कडक,” ते रविकांतला म्हणाले. लीना आईकडं टक लावून बघत होती, थोडी घाबरून, थोडी अभिमानानं.

“इंदूताई,” मास्तरांची बायको म्हणाली, “आता विचार कसला करता? अशा सत्त्वाच्या घरची मुलगी दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही.”

म्हणजे जमलं... दमयंतीच्या डोक्यात ते एकदम स्वच्छ उभं राहिलं. जमलं. या पायानं जे मोडायचं तेच या पायानं जमवलं. गप्प राहायचं, एवढंच. उद्या कुणी काही कुजबुजलं तरी ही एवढी माणसं साक्षीला उभी राहतील. देवीनं तिला चांगलंच पांघरूण दिलं होतं, मागितलं नसताना.

“हळद-कुंकू लावा पायाला,” छबूबाईनं परात इंदूताईंपुढं धरली. “तुमी व्हनार विहीन ना? तुमचाच मान पयला.”

मुलाच्या आईनं मुलीच्या आईचे पाय पुजायचे, असं उलटं कुठं होत नाही. पण इंदूताईंनी परात घेतली. दमयंतीला दगडावर बसवून त्या समोर खाली बसल्या. चष्मा वाफेनं धुरकट झाला होता तो त्यांनी काढला, पुसला, चढवला, आणि पायाकडं पाहिलं. करंगळीकडं पाहिलं, जिथं निखाऱ्याचा डाग होता. पायाच्या कडेला फोड धरायला लागले होते.

दमयंतीनं डोळे मिटून घेतले. आता तरी नीट करायला हवं. या बाई भोळ्या नाहीत. सत्त्व वगैरे यांना पटत नाही. यांना साधं भाजलेलं दिसायला हवं, साधं दुखणारं. धीर करून पाय ठेवला होता, आता दुखतोय, एवढं यांना पुरेल.

“दुखतंय का?” इंदूताईंनी हळू विचारलं.

“हो.” तिनं ओठ आवळले, श्वास ओढून घेतला, अगदी बेतानं. “दाबू नका हो... फार दुखतंय.”

तिनं डोळे उघडले. इंदूताई पायापासून हातभर मागं सरून बसल्या होत्या. त्यांचा एक हात परातीच्या काठावर होता आणि दुसऱ्यात पुन्हा काढलेला चष्मा. त्यांनी पायाला अजून हात लावलेलाच नव्हता.

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मागं बायका बोलत होत्या, कुणीतरी भाताचं फडकं बाहेर काढत होतं. मग इंदूताईंनी चष्मा लावला, बोटावर हळद घेतली, फोड टाळून पायाच्या वरच्या बाजूला लावली, मग कुंकू. घाई केली नाही. पिशवीतून धुतलेलं फडकं काढून त्यांनी ते गार पाण्यात भिजवलं आणि पायाला सैलसर गुंडाळलं.

“माती लागू देऊ नका,” त्या उठताना म्हणाल्या. एवढंच.

परतीला मोटारीत सगळ्यांनी दमयंतीला पुढची चांगली जागा देऊ केली. ती नको म्हणून मागं बसली. इंदूताई शेजारी येऊन बसल्या. त्या का आल्या? बोलायला आल्या म्हणावं तर बोलत नव्हत्या. लांब बसल्या असत्या तर कळलं असतं. पण त्यांचा खांदा मोटारीच्या हिसक्यासरशी दमयंतीच्या खांद्याला लागत होता आणि त्या तो मागं घेत नव्हत्या. पुढं लीना आणि रविकांत एका बाकावर, मध्ये यज्ञेश्वरराव बसलेले, आणि दोघं त्यांच्या डोक्यावरून बोलत होते. लीना कशाला तरी ‘अय्या, खरंच?’ म्हणाली.

काय करतील या? नगरला गेल्यावर घरी बोलतील, पत्र येईल: ‘योग नाही’. कारण देणार नाहीत, त्या तशा नाहीत. किंवा काहीच करणार नाहीत, मुलगी आवडलीय, मुलाला आवडलीय, गप्प राहतील आणि आयुष्यभर विहिणीला जेवायला वाढताना पानाकडं बघतील. किंवा त्यांना कळलंच नसेल. भेदरलेल्या माणसाला कुठं धड कळतं काय दुखतंय ते. काहीही असो, आता ते त्यांच्या हातात होतं. गप्प बसायचं तर आपण गप्प बसू शकतो, आणि त्या सांगतात की नाही याची वाट बघायची — दारात उभं राहून, छकडा येतो की वळतो ते बघत. आणि या वेळी दारात लीना असेल, तिला माहीतही नसेल की कशाची वाट बघतोय. आजोबांनी काशीची थाप मारली नसती, खरं सांगितलं असतं, तर मावशीचं लग्न झालं असतं का? छे. कशाला झालं असतं! कुणी आलंच नसतं ओढ्यापर्यंत. पण मावशी तरी धावली नसती ना... तिला ठाऊक असतं. तिनं वेणी घातली नसती, किंवा घातली असती तर स्वतःसाठी घातली असती. आणि रंगनाथमामा त्या दिवशी बाहेरून कडी घातलेल्या खोलीत दिवसभर बसून होता, आणि त्या दिवशी भिंतीतून गोष्ट आली नव्हती. आली असती तरी ऐकायला कोण होतं? मी ओढ्यावर होते.

मोटार अकोले गावाच्या अलीकडच्या चढाला लागली. भट्टी घरघरायला लागली, खिडक्या थडथडल्या, पुढचं बोलणं ऐकू येईनासं झालं.

“मघाशी मला दुखत नव्हतं,” दमयंती म्हणाली. “वर्ष झालं. त्या पायाला काहीच कळत नाही. वर चट्टा आहे. माझ्या मामाला होता तो रोग. घरात कुणाला ठाऊक नाही, लीनालाही नाही.”

ती समोर बघत बोलली होती. आता तिनं वळून पाहिलं. इंदूताई खिडकीबाहेर बघत होत्या, पदराचं टोक नाकाशी धरून, धुरासाठी. त्यांनी ऐकलं की नाही ते कळायला मार्ग नव्हता. चेहरा मघासारखाच होता. खांदा होता तिथंच होता.

दमयंती थांबली. बोलून झाल्यावर काहीतरी व्हायला हवं होतं, छातीत धडधड, घाम, निदान पश्चात्ताप. सगळा दिवस, सगळं वर्ष जी भीती तिनं पदराआड धरली होती ती तिनं शोधली, आणि ती जागेवर नव्हती; त्या जागी नुसता थकवा होता, आणि लीनाबद्दल एक सरळ, साधं दुःख, ज्याला लपवायची गरज नव्हती. फडक्यात गुंडाळलेला पाय तिनं बाकाखालून पुढं घेतला आणि दिसेल असा मोकळा ठेवला.

चढ संपत आला होता. सपाटी लागली की भट्टी शांत होईल, आणि तेव्हा मोटारीत बोललेलं सगळ्यांना ऐकू जाईल — यज्ञेश्वररावांना, रविकांतला, लीनाला. ती सपाटी येण्याची वाट बघू लागली. पुन्हा सांगावं लागेल, तर तेच शब्द, जरा मोठ्यानं.